खांडीची हाक

जुन्या सिनेमांची टिंगल करणं हा प्रज्योतचा उद्योग होता. उरणजवळच्या गावात, खाडीकाठच्या भरावावर बांधलेल्या बंगल्यात तो मोबाईल स्टँडला लावायचा, मोठ्या टीव्हीवर एखादा सिनेमा सुरू करायचा आणि बघता बघता त्याची सालं काढायचा. ते व्हिडिओ लोक चवीने बघत. कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलर-गाड्यांचा धंदा बापाने उभा केला होता आणि मॅनेजर सांभाळत होता, त्यामुळे चिरंजीवांना थट्टेसाठी वेळच वेळ होता.

त्या अमावास्येला दुपारच्या जेवणाआधी त्याने शंभरेक वर्षांपूर्वीचा एक मूकपट लावला. इथल्याच मिठागरात चित्रित झालेला, म्हणून गावचे लोक जास्त बघतील हा हिशोब. जवळच केसरआत्या सूप घेऊन सुकट निवडत बसली होती. लहानपणी तापात तिचे कान गेले, तेव्हापासून ती समोरच्याचे ओठ बघूनच बोलणं समजून घ्यायची.

"नायकाने डोळ्यांत काजळ घातलंय की डांबर?" प्रज्योत मोबाईलकडे बघून म्हणाला. "आणि हे हातवारे बघा. हा प्रेम करतोय की डास मारतोय? ह्याला म्हणे अभिनय! आमचा क्लीनर ह्याच्यापेक्षा बरं काम करेल."

मग बांध फुटण्याचा प्रसंग आला. भरतीने बांध फोडला की त्याला खांड गेली म्हणतात. खांड गेली की घरटी एक माणूस चिखलात उतरायचा, खांद्याला खांदा लावून पाणी अडवायचा, आणि मागून बाकीचे माती टाकायचे. पडद्यावर तशीच रांग उभी होती. नटबिट कुणी नव्हते, इथलेच उघडेबंब मीठकामगार. रांगेत मधोमध एका माणसाची जागा रिकामी होती आणि तिच्यातून पाणी आत घुसत होतं. सगळे सरळ कॅमेऱ्यात बघत काहीतरी ओरडत होते.

"कॅमेऱ्यात बघू नये एवढीही अक्कल नाही," प्रज्योत खिदळला. "आणि बोंबलून उपयोग काय? आवाजच नाही!"

आत्याचे हात सुपात थांबले. ती टीव्हीकडे सरकली.

"ते बोलतान, दिनानाथाचे घरचा कोन हाय?"

दिनानाथ म्हणजे प्रज्योतचे वडील. हा सिनेमा निघाला तेव्हा त्यांचा बापच रांगत होता. म्हातारीला भ्रम झाला, असं म्हणून प्रज्योत पोट धरून हसला. आयता मसाला मिळाला होता. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि टीव्हीसमोर उभा राहून गळा काढला, "आलो रे, आलो! थांबा, मेकअप करून येतो!"

व्हरांड्यातून दिनानाथ आत आले.

"खांडीचे हाकेला ओ दिलीस?"

"बाबा, सिनेमा हाय तो."

"बंगला झाल्यापून आपले घरचा एक मानूस खांडीला गेला न्हाय. हाक यायची, आपून गप राहायचो. गप राहिलं त चालतं." त्यांनी पडद्यावरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. "ओ देऊन न्हाय गेलं त पानी घरात येतं. जातोस का?"

"कुठं जाऊ? बांध हाय कुठं? त्यावर कंटेनर यार्ड झालंय, तुमच्याच गाड्या तिथं उभ्या असतात!"

दिनानाथांनी पुन्हा विचारलं नाही. अंगात कंपनीचा टी-शर्ट होता, छातीवर कंपनीचं नाव आणि मोठ्या आकड्यांत फोन नंबर. तसेच ते चपला न घालता फाटकाबाहेर पडले. प्रज्योतने पाठीमागून त्यांचाही व्हिडिओ घेतला. अडाणी ते अडाणीच राहणार, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

मग आरामात त्याने उरलेला सिनेमा संपवला. नायक मेला, नायिकेने केस उपटले, प्रज्योतने जांभई दिली. आत्या पानं घ्यायला उठली, तरी बाप परतला नव्हता.

व्हिडिओच्या सुरुवातीला लावायला त्याला आरडाओरड्याचा तुकडा हवा होता. त्याने सिनेमा मागे नेला.

बांध. पाणी. रांग.

रांगेत आता रिकामी जागा नव्हती.

ओरडणं थांबलं होतं. सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे पाठ केली होती. एकच माणूस अजून इकडे तोंड करून उभा होता. दोन्ही बाजूंच्या उघड्या माणसांमध्ये त्याच्या अंगावर टी-शर्ट होता. काळ्या-पांढऱ्या चित्रात रंग कळत नव्हता. नंबर मात्र वाचता येत होता.

प्रज्योतला हसू आलं नाही.

त्याने बापाला फोन लावला.

पडद्यावरच्या माणसाने चिखलाचा हात खिशात घातला. काहीतरी काढून कानाला लावलं. त्याचे ओठ हलू लागले.

फोन उचलला गेला होता. आवाज नव्हता. पाण्याचा नाही, श्वासाचाही नाही.

"बाबा? बाबा, घरी या!"



त्याने आत्याला हाताला धरून टीव्हीसमोर आणलं, तोंड तिच्यासमोर धरलं. "आत्या, काय बोलतान बाबा? सांग ना!"

आत्या पडद्याकडे बघत राहिली.

"बोलतो, पानी छातीला लागलं."

"आणि?"

"बोलतो, पोराला जेवू घाल. माझी वाट नको बघू."

"पुढं? आत्या, पुढं काय?"

तिने डोळे बारीक केले, काचेला नाक लागेल इतकी जवळ गेली. पडद्यावर पाणी ओठांच्या वर चढलं होतं. त्यापुढचं आत्याला ऐकू आलं नाही.