दस्त्यातलं नाव

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या मागे लागणार नाही. पण यात पदरचं काही घातलेलं नाही, एवढं आधीच सांगतो.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मंगळवार, दुपारचे अडीच. जागा म्हणजे माझी कामाची खोली. खिडकीजवळ लांब टेबल, त्यावर दिवा, भिंग आणि जाड हिरवं कापड. भिंतीपलीकडे वेल्डिंगचं दुकान. दिवसभर इतका आवाज की भुतांना ही जागा अजिबात सोयीची नाही.

मी जुन्या लष्करी बंदुका पारखतो. अस्सल कुठली, जोडजाड केलेली कुठली, तिला मोल किती, हे सांगायचं. बायको म्हणते, "ह्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, स्क्रू राहतात." खोटं नाही ते.

त्या दुपारी एक मावशी आल्या. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. मागे त्यांची सून, तिच्या हातात चादरीत गुंडाळलेली रायफल. कागदपत्रं चोख, आतली पिन काढून कधीच निकामी केलेली.

"माझ्या बाबांची आहे," मावशी म्हणाल्या. "मी चार वर्षांची असताना ते लढाईवर गेले. परत आलेच नाहीत. ना देह मिळाला, ना निरोप. आई दारात बसून वाट बघायची. मग सहा वर्षांनी त्यांचे एक सोबती आले. पहिल्यांदा रिकाम्या हातानेच आले होते. बाबांचं घरी राहिलेलं लष्करी नोंदीचं पुस्तक चाळत बसले, रडले आणि गेले. दुसऱ्यांदा ही घेऊन आले. म्हणाले, ही तुझ्या बाबांची."

संग्रहालय ती रायफल घ्यायला तयार होतं. बाबांच्या नावाची पाटी लावून. अट एकच... ती त्यांचीच आहे, हे मी तपासून लिहून द्यायचं.

मावशींनी ते लष्करी नोंदीचं पुस्तक पुढे ठेवलं. त्यात बाबांना दिलेल्या रायफलीचा नंबर होता. नळीवर ठोकलेला नंबर तोच होता.

"मग झालंच की!" सून म्हणाली. "आणि मी लाकूड पॉलिश पेपरने घासून कसं लख्ख केलंय बघा."

मी कपाळाला हात लावला. हाताचे डाग, पट्ट्याचे ओरखडे... अशा रायफलीचं अर्धं मोल त्यातच असतं. पण तिचा फुललेला चेहरा बघून गप्प बसलो.

जाताना मावशी दारातून परत फिरल्या.

"मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका हं. खोटी पाटी मागे ठेवून मला जायचं नाहीये."

बुधवारी दुपारी तीनला मुलीचा फोन आला. हात तेलकट होते, म्हणून स्पीकरवर टाकला. तिची नेहमीची बडबड चालू होती. मी भिंगात डोळा घालून बसलेलो.

"बाबा, आहात ना?" ती म्हणाली.

...खटाक्!

बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा सरकता दांडा, पुढे सरकून बसल्याचा आवाज. टेबलावरून.

माझे दोन्ही हात भिंगावर होते.

मी बोल्ट मागे ओढून उघडा ठेवला होता. आता तो घट्ट बंद होता.

म्हटलं, जुनं लोखंड, वर तेल पाजलेलं, घसरलं असेल. पण त्यानंतर मी त्या रायफलीकडे पाठ करून बसलो नाही.

आणि त्याच संध्याकाळी मला ते दिसलं, जे दिसायला नको होतं.

नळीवरच्या नंबराचे आकडे कमी-जास्त खोल होते. आजूबाजूचं लोखंड बोटाला किंचित खोलगट लागत होतं. कुणीतरी मूळ नंबर कानशीने घासून काढला होता आणि त्या जागी नवा ठोकला होता. अशा रायफलीच्या सगळ्या भागांवर एकच नंबर असतो. बोल्टवर मात्र वेगळाच नंबर होता. लाकडाच्या आत, जिथे सूनबाईचा पॉलिश पेपर पोचला नव्हता, तिथेही तोच वेगळा नंबर.

मावशींचं बोलणं आठवलं. त्या सोबत्याने पहिल्या खेपेला पुस्तकातून नंबर उतरवून घेतला असणार. दारात बसलेल्या बाईला रिकाम्या हाताने तोंड दाखवणं त्याला जमलं नसेल. मला त्याचा रागही येईना.

रायफल अस्सल होती. फक्त ती मावशींच्या बाबांची नव्हती.

गुरुवारी मी बोल्ट काढून कापडात गुंडाळला, खणात ठेवला आणि कुलूप लावलं.

दुपारचे तीन वाजले.

शेजारचं वेल्डिंग थांबलं. रस्ता थांबला. मग लक्षात आलं... भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही येत नाहीये. काटा मात्र फिरत होता.

का कोण जाणे, मी हळूच विचारलं, "आहात ना?"

काही नाही.

मग म्हणालो, "बाबा... आहात ना?"

...खटाक्!

बोल्ट नसलेल्या रायफलीतून.

मी पळालो नाही.  त्या आवाजात दरारा नव्हता. शाळेत हजेरीला नाव पुकारल्यावर मूल घाईघाईने उत्तर देतं ना, तशी एक घाई होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते भीतीने नव्हे.

मग मी दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाच्या, तळाची लोखंडी पट्टी उघडली. दोन्ही स्क्रू गंजून जाम झालेले, इतक्या वर्षांत कुणी हात न लावलेले. काही शिपाई त्या पट्टीखाली चिठ्ठी ठेवायचे, हे मला ठाऊक होतं.

चिठ्ठी होती.

पेन्सिलने लिहिलेलं एक नाव. मावशींच्या बाबांचं नव्हे. खाली एकच ओळ.

"माझ्यामागे कुणी नाही. सापडली तर सांभाळा."

त्या रात्री मी जेवलो नाही. एक खोटं वाक्य लिहिलं असतं तर सगळ्यांचं भागलं असतं. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "त्यांनी तुमच्याकडे खरं तेच मागितलंय ना? मग द्या."

शुक्रवारी मावशी आल्या. मी सगळं सांगितलं. चिठ्ठी हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"म्हणजे त्या पुस्तकाखेरीज बाबांचं माझ्याकडे काहीच नाही," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

त्यांनी चिठ्ठीची घडी घालून ती रायफलीशेजारी ठेवली. मग त्यांनी विचारलं, "मग इतकी वर्षं मला उत्तर कोण देत होतं?"

मी चमकून वर बघितलं. मावशी सांगू लागल्या.

"रोज दुपारी तीनला घरातले झोपले की मी हिच्याजवळ बसायचे. विचारायचे, बाबा, आहात ना? आणि खटाक् असा आवाज यायचा. हे सगळे म्हणायचे, म्हातारीला भास होतात."

सून खाली बघत राहिली.

मावशींनी रायफलीवर हात ठेवला. अनोळखी माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा, जरा अवघडून. "तुम्हाला कळलं का हो," त्या रायफलीशीच बोलल्या, "की मला कळलंय?"

खोलीत शुकशुकाट.

"आहात ना?"

काही नाही.

'बाबा' हा शब्द त्यांच्या ओठांवर आला. मला दिसला. पण तो त्यांना उच्चारवेना. त्या ओक्साबोक्शी रडल्या. सूनबाईने त्यांना जवळ घेतलं. मी तिथे उभा राहून एका बाईचा बाप आणि एका एकट्या माणसाची मुलगी, दोन्ही हिरावून घेतल्यासारखा हात चोळत होतो.

शेवटी मावशींनी डोळे पुसले. "पाटी ह्यांच्या नावाची लावायला सांगा. आणि ह्यांना म्हणावं, बापासारखंच केलंत माझं."

बारा दिवसांनी सुनेचा फोन आला.

"आई गेल्या."

ती पुढे बोलत राहिली, एकसुरी आवाजात.

"दवाखान्यात शेवटच्या दुपारी चांगल्या शुद्धीत होत्या. म्हणाल्या, दोन खुर्च्या मांड, माणसं यायचीयेत. मी समजूत म्हणून दोन खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या आणि औषधं आणायला खाली गेले. परत आले, तर एक खुर्ची पलंगाच्या उशाला... अगदी चिकटून. आई हसत होत्या. गाल ओले. म्हणाल्या, शोधून आणलं गं त्यांनी, माझ्या बाबांना."

"आणि दुसरी खुर्ची?" मी विचारलं.



"ती दाराबाहेर होती. कॉरिडॉरमध्ये. भिंतीकडे तोंड करून."

रायफल आता संग्रहालयात आहे, त्याच्या नावाच्या पाटीखाली. मावशींना त्यांचे बाबा भेटले, मी त्यातच समाधान मानावं, असं बायको म्हणते. मानतोही.

पण तो आत का बसला नाही? बापलेकींना भेटवून तो बाहेर का थांबला असेल? आणि तिथून मग कुठे गेला असेल, ज्याच्यामागे कुणीच नव्हतं?

मला माहीत नाही. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, पण रोज एकदा मनात घेतो.