पुढच्या वर्षाचा खुंट

छाटणी नेहमी वरच्या उतारापासून सुरू व्हायची. वर ऊन आधी पोचतं, बोटं आखडत नाहीत, आणि आठवडाभरात हाताला लय आली की मग माणसं खाली ओढ्याकडे सरकतात, हा वडिलांनी घालून दिलेला शिरस्ता. वडील जाऊन चार वर्षं झाली तरी तो मोडायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. बाग घराण्याची, वाइन घराण्याची आणि हेकेखोरपणाही घराण्याचाच, असं आत्या म्हणायची. तीही त्याच घराण्यातली, त्यामुळे तिचं बोलणं खोडायला कुणी जात नसे.

कारभार दोघा भावंडांकडे होता. तळघरातली लाकडी पिंपं, आंबवण आणि प्रयोगशाळा थोरलीकडे; तिला घरदार ताईच म्हणायचं. गिऱ्हाइकं, गाड्या आणि गोड बोलणं धाकट्याकडे. त्यानं जन्मात छाटणीची कात्री धरली नव्हती. ताई मात्र दर हिवाळ्यात माणसांबरोबर ओळीत उतरायची. ती डावखुरी. वडिलांनी तिच्यासाठी उलट्या पात्यांची कात्री मुद्दाम बनवून घेतली होती. अख्ख्या बागेत तशी ती एकच.

त्या हिवाळ्यात ताईनं एक गोष्ट पोटात ठेवली होती. दूरच्या शहरातल्या एका संशोधन संस्थेत तिला नोकरी मिळाली होती आणि तिनं होकारही कळवला होता. यंदाची तोडणी झाली, रस पिंपात पडला, की निघायचं. धाकट्याला सांगू उद्या, असं ती रोज ठरवायची आणि रोज तो उद्या पुढं ढकलायची. रात्री झोप लागत नव्हती. दिवसा हात रिकामे राहिले की ती उगाच काचेच्या नळ्या धुवत बसायची.

आठव्या दिवशी माणसं खालच्या उतारावर गेली आणि दहा मिनिटांत मुकादम परत वर आला. तीस वर्षं या बागेत काढलेला माणूस. काम सोडून घराच्या पायऱ्या चढणं त्याला ठाऊक नव्हतं.

"ताई, तुम्ही काल खाली आला होतात?"

"नाही. का?"

"दोन ओळी झाल्यात."

"झाल्यात म्हणजे?"

"छाटून झाल्यात. बघायला चला."

ओढ्यावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. पाण्याला लागून असलेल्या दोन ओळी खरंच छाटलेल्या होत्या. काप ताजे, आतून फिकट हिरवे. उतरवलेल्या काड्या दोन ओळींच्या मधोमध, टोकं एका दिशेला करून रचलेल्या. धाकटाही मागोमाग आला होता. "फुकट काम करून जाणारा चोर पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला. "त्याला म्हणावं, रोज येत जा." माणसं हसली. मुकादम हसला नाही. त्यानं एक वेल ताईकडे वळवली आणि कापावर अंगठा टेकवला.

"दाब कुठल्या बाजूला पडलाय बघा."

कात्रीचं एक पातं कापतं आणि दुसरं नुसता टेकू देतं. त्या टेकूचा वळ सालीवर राहतो. उजव्या हाताच्या माणसाचा वळ एका बाजूला पडतो, उलट्या कात्रीनं कापणाऱ्या डावखुऱ्याचा दुसऱ्या. इथे प्रत्येक वळ दुसऱ्या बाजूला होता.

"माझ्यासारखी कात्री आणखी कुणाकडेही असू शकते," ताई म्हणाली.

"कात्री असेल," मुकादम म्हणाला आणि पुढच्या वेलीकडे वळला.

तिची कात्री प्रयोगशाळेत खिळ्याला होती. आदल्या संध्याकाळी पुसून, तेल लावून टांगली होती तशीच. तिनं ती कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. हे आपण कुणाच्या भीतीनं करतोय, असं तिनं स्वतःला विचारलं.

दुसऱ्या सकाळी आणखी दोन ओळी झाल्या होत्या. कात्री कपाटात होती. पात्यांवर तेलाचा थर, त्याला धूळसुद्धा चिकटलेली नाही.

त्या दिवशी मुकादमानं माणसांना वर पाठवेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाला, "एक सांगू का? राग मानू नका."

"सांगा."

"खुंट ठेवलेला नाही."

छाटताना प्रत्येक वेलीवर एक लांब काडी ठेवतात, ती यंदाच्या फळासाठी. तिच्या बुडाशी दोन डोळ्यांचा, म्हणजे दोन कोंब फुटतील असा, आखूड खुंट ठेवतात, तो पुढच्या वर्षासाठी. पोरंटोरंही हे विसरत नाहीत. ताईनं एकेक वेल चाचपली. लांब काडी सगळीकडे होती, अगदी ती स्वतः निवडेल तीच. खुंट कुठेच नव्हता. काडीच्या बुडाचे डोळेसुद्धा नखानं खुडावेत तसे काढून टाकलेले होते.

"वेल मरेल?"

"वेल नाही मरत. पुढच्या साली कुठून छाटायचं, ते शोधत बसावं लागेल." मुकादमानं हात पँटीला पुसले. "ज्याला पुढच्या सालाशी घेणंदेणं नाही, तो असं छाटतो."

कपाटातलं नोकरीचं पत्र कुणी वाचलं की काय, असंच ताईला वाटलं. पण मुकादमाच्या तोंडावर तसं काही नव्हतं. तो घाबरलेला दिसत होता, एवढंच.

दुपारी जेवताना आत्या म्हणाली, "अगं, गळ्याशी काहीतरी गुंडाळून जात जा. सकाळपासून त्या गारठ्यात वाकलेली."

"मी सकाळपासून प्रयोगशाळेत होते, आत्या."

"असशील बाई. मोतीबिंदू मला झालाय."

धाकटा हसला. ताईची चाचणीची वही भरलेली होती, प्रत्येक नोंदीपुढं वेळ लिहिलेली. सकाळी आठपासून साडेबारापर्यंत. तरी तिनं बोटं नाकाशी नेऊन हुंगली. ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येत होता. पण आठच्या आधी ती वेली चाचपून आली होती, वास यायचाच.

हे सुरू झाल्यापासून पाचव्या दिवशी धुकं दुपारपर्यंत हटलं नाही. ताईनं धाकट्याला खाली नेलं. "तू त्या टोकाला उभा राहा, मी या टोकाला. कोण येतं ते बघूच." धाकट्याला गंमत वाटत होती, पण तो गेला. वीस पावलांवर त्याचा कोट पुसट झाला, तिसाव्या पावलावर दिसेनासा.

वेली ज्या तारेला बांधतात ती तार ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध असते. कुणी काडी ओढली तर हिसका टोकाला कळतो. ताईनं हातमोजा काढून तार मुठीत धरली. तार बर्फासारखी होती.

बराच वेळ काही नाही. ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं.

मग एक हिसका आला.

कुठेतरी मधे कात्री वाजली. तीनदा. मग काड्या ओढल्याचा लांब हिसका. पुन्हा तीनदा. पुन्हा ओढ.

आधी तीन काप, मग एकदम ओढायचं, ही तिची स्वतःची पद्धत. बाकी सगळे कापतील तशी ओढतात. वडील तिला यावरून टोकायचे.

हिसके जोरात यायला लागले. जवळ येत होते.

तिला तार सोडावीशी वाटली, पण मूठ उघडेना.

काही पावलांवर एक काडी जमिनीवर पडली. धुक्यात कुणी नव्हतं. नंतरची पडली ती आणखी अलीकडे.

मग तार थांबली.

"धाकट्या," तिनं हाक मारली.

तो जरा वेळानं ओळीतून चालत आला. थंडीनं नाक लाल, कपाळाला आठी.

"हे काय गं? मला तिकडे उभं करून तूच छाटत बसलीस? आणि जवळून वर गेलीस तर बोललीसुद्धा नाहीस."

"वर कुठे?"

"घराकडे," तो म्हणाला, आणि मग तिच्या मुठीकडे, तारेला धरून पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे बघतच राहिला.

त्या संध्याकाळी ताईनं त्याला सगळं सांगितलं. नोकरी, होकार, पत्र. तो खिडकीशी पाठमोरा उभा राहिला. "मला सांगायचं तरी," एवढंच म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. तिला एकाएकी सगळं लख्ख कळल्यासारखं झालं. आपण जाणार, म्हणून खुंट नाहीत. आपलंच मन आपल्या आधी बागेत उतरलंय, कसं ते देव जाणे. तिनं तिथल्या तिथे नकाराचं पत्र लिहिलं आणि धाकट्यासमोर पाकीट बंद केलं. कित्येक आठवड्यांनी तिला गाढ झोप लागली.

सकाळी एकही नवी ओळ छाटलेली नव्हती. मुकादमानं टोपी काढून कपाळ पुसलं. दिवसभर ताई त्याच्या शेजारी राबली. पुढच्या दोन ओळी तिनं स्वतः केल्या. प्रत्येक वेलीवर एक काडी, एक खुंट, दोन डोळे. हात दुखले, पण मन हलकं होतं. जेवताना तिनं आत्याची थट्टाही केली.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी खाली गेली.

तिनं छाटलेल्या दोन ओळींत सगळ्या लांब काड्या जागच्या जागी होत्या.

खुंट तेवढे गेले होते. प्रत्येक वेलीच्या बुडाशी बोटभर लाकूड पडलेलं होतं, दोन डोळ्यांचं.

त्यानंतर कुणी पहारा केला नाही. खालचा उतार ओळीओळीनं होत गेला. मग वरच्या उताराची पाळी आली, माणसांनी आठवडाभर खपून छाटलेल्या वेलींची. तिथलेही खुंट गेले. त्या सकाळपासून अकराव्या दिवशी घराच्या भिंतीलगतची ओळ झाली आणि ते थांबलं. ताई डॉक्टरकडे जाऊन आली. त्यानं रक्त तपासलं, छाती ऐकली, फोटो काढला. "तुमच्यासारखी प्रकृती सगळ्यांची असती तर मला दवाखाना बंद करावा लागला असता," तो म्हणाला. घरी सगळ्यांना हायसं वाटलं. तिनं ते कागद दोनदा वाचले आणि घडी घालून ठेवून दिले.

वेली मात्र कधी नव्हे अशा फुटल्या. उन्हाळ्यात घड इतके लगडले की तारा वाकल्या, मधल्या खांबांना टेकू द्यावे लागले. धाकट्यानं नवी पिंपं मागवली. मुकादम बागेत कमी बोलायला लागला. ताई समोर आली की काहीतरी काम काढून दुसरीकडे बघायचा.

तोडणीच्या आधी एका सकाळी ताई गोडी तपासायला घड गोळा करत होती. ऊन स्वच्छ होतं. ओळीच्या टोकाला मुकादम एका उपटलेल्या जुन्या वेलीपाशी बसला होता. शेजारी धाकटा, हातात कात्री घेऊन. मुकादम त्याला छाटणी शिकवत होता. कुणी सांगितलं म्हणून, की आपल्या मनानं, ते ताईनं विचारलं नाही. ती जवळ गेली तेव्हा धाकट्यानं उठून तिच्या हातातली जड पिशवी घेतली, सावलीत ठेवली आणि तो परत जाऊन बसला.

"अंगठा वर," मुकादम म्हणाला. "मनगट वळवायचं नाही."

"ताई तर वळवते."

"त्यांचं वेगळं होतं. त्या डाव्या हातानं छाटायच्या."

ताई चार पावलांवर उभी होती, दोघांच्या डोळ्यांदेखत. धाकटा आता मुकादमाचं ते ‘होतं’ सुधारेल, म्हणून ती थांबली.

"हो," हातातली काडी निरखत धाकटा म्हणाला. "फार छान छाटायची."