तागाचे शेंडे

ती शेतावर पोचली तेव्हा तिचा ताग आडवा झालेला होता. मुळाशी कापून, जुड्या बांधून, बांधावर नीट रचलेला. शेजारी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक उंच, अनोळखी माणूस घाम पुसत उभा होता, गड जिंकल्याच्या थाटात.

"हे कोणी कापलं?" तिनं विचारलं.

"मी." वर तो हसलाही. "कालच रुजू झालोय, धागा विभागात. साहेब म्हणाले, पलीकडचा तुकडा कापून भिजायला घाला."

"तळ्यापलीकडचा. हा नव्हे."

त्याचं हसू ओठावरच राहिलं.

त्या संशोधन केंद्रात ताग म्हणजे धागा, सुतळी आणि पोती, एवढंच सगळ्यांना ठाऊक. तागाच्या कोवळ्या पानांची भाजी होते आणि ती पोटभरीची, पौष्टिक असते, हे सांगत फिरणारी ती एकटीच. एकाच झाडानं आधी स्वयंपाकघराला पाला द्यावा आणि मग सरळ वाढून धागाही द्यावा, अशी जात तिला हवी होती. दर हंगामात ती निवडक झाडं राखायची, त्यांना लाल दोरा बांधायची, त्यांचंच बी पुढे पेरायची. आता कुठे मनासारखी झाडं आली होती. बी धरायचंच बाकी होतं. आणि या पठ्ठ्यानं सगळ्यांवर सरसकट विळा फिरवला होता.

केंद्रात तिला लवंगी म्हणत, मिरचीवरून. ते का, हे त्याला त्या सकाळी कळलं. लाल दोरे दिसले नाहीत का, डोळे घरी ठेवून आलात का, विचारायला जीभ जड झाली होती का... कापणीचे मजूर खाली मान घालून ऐकत राहिले. तो मात्र एका शब्दानं बचाव करेना. त्यानं तिचा संताप आणखीच वाढला. भांडायला समोरून काहीतरी यावं लागतं.

"चूक माझीच," तो शेवटी म्हणाला. "आता काय करता येईल, तेवढं सांगा."

ती बोलायला तोंड उघडणार, तोच तिची नजर जुडीच्या टोकाकडे गेली. पानं अजून टवटवीत होती. तागाचा ताजा शेंडा ओल्या मातीत खोचला तर मुळं धरतो, त्याला फुलं येतात, शेंगाही येतात. जगला तर.

मग त्यांनी साऱ्या जुड्या सोडल्या. तो लाल दोऱ्याची झाडं शोधून काढी, ती शेंडा छाटून खालची पानं काढी. आभाळ भरून आलं, बारीक भुरभुर सुरू झाली. चिखलात गुडघे टेकून दोघं शेंडे लावत राहिले.

"दाबा... हळू. उशी नाही ती."

त्याची बोटं तिच्या बोटांवर आली. दोघांनीही ती चटकन उचलली नाहीत.

"मुळं माझ्या बोटांना फुटणार नाहीत," ती म्हणाली, आणि त्यानं हात असा मागे घेतला की तिला हसू दाबावं लागलं.

त्यानंतर तो रोज सकाळी कामाच्या आधी यायचा. पाणी घालायचा, उन्हं तापली की शेंड्यांवर ओली गोणपाटं धरायचा. धागा सुटावा म्हणून ताग कुजवतात त्या टाकीचा वास त्याच्या अंगाला. तिनं नाक मुरडलं, तर वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहायचा. तिनं रोज काहीतरी चूक काढावी आणि त्यानं ती मुकाट सुधारावी.

"तुम्ही रागावता ना, तेव्हा..." एकदा तो म्हणाला.

"पुढचं वाक्य विचार करून बोला."

"...तेव्हा झाडांची माहिती फार सविस्तर मिळते."

घरी ताई वैतागली होती. ज्याला रोज जेवताना शिव्या घालतेस, त्यालाच एकदा जेवायला बोलव, निदान तो समोर तरी असेल, असं ती म्हणायची. मग लवंगीनं डब्यातून तागाची भाजी त्याच्यासाठी नेली. बुळबुळीत आहे, असं तो प्रामाणिकपणे म्हणाला. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी तो रिकामा डबा धुऊन घेऊन आला आणि अजून मिळेल का, म्हणून विचारू लागला.

शेंडे आधी माना टाकून बसले. बरेचसे गेले. पण एका सकाळी ती आली, तर तो बाजूला सरला. त्याच्या मागच्या शेंड्याला नवं, लुसलुशीत पान फुटलं होतं. ती पानाकडे पाहत राहिली, तो तिच्याकडे.

वाचलेल्या शेंड्यांना शेंगा धरल्या, मूठभर बी मिळालं. त्यातून पुढच्या हंगामात जे उभं राहिलं, ते पाहायला लोक बांधावर थांबू लागले. पाला खुडून झाल्यावरही ताग डोक्याच्या वर सरळसोट.

आणि मग वार्षिक सभा आली. बाहेरून पाहुणे आले होते. साहेबांनी नव्या जातीची घोषणा केली. धागा विभागाचं यश, म्हणाले, आणि नाव घेतलं ते त्याचं. भाजीचा उल्लेख जाता जाता झाला, गंमत म्हणून. मागच्या रांगेत लवंगीचे कान तापले. म्हणजे हा यासाठी पाणी घालत होता.

तो उठला. साहेबांनी बसा, नंतर बोलू, अशी खूण केली. तो बसला नाही.

"या जातीत माझा वाटा एवढाच," तो म्हणाला, "की मी ती कापून टाकली होती. ज्यांनी ती घडवली आणि वाचवलीही, त्या बाई मागे बसल्या आहेत."

लवंगी उठली, कोणी बोलावण्याची वाट न पाहता पुढे गेली, आणि तिनं सांगायला सुरुवात केली. धाग्याआधी पाल्याचं सांगितलं. ज्या पाल्यावर घरं जेवू शकतात तो साहेबांना गंमत वाटतो, हेही सांगितलं, साहेबांकडे बघत. पाहुणे बी मागू लागले तेव्हा साहेबांना त्याच्या जागी तिचं नाव घ्यावंच लागलं.

सभा संपली तरी तिचा राग उतरला नव्हता. जिन्यात तिनं त्याला गाठलं.

"मी बोलणारच होते. तू कशाला मध्ये पडलास?"

"खोटं माझ्या नावावर होतं. ते मीच खोडायला हवं होतं." तो थांबला. "...मला 'तू' म्हणालीस."

"विषय बदलू नकोस. साहेब काय म्हणाले?"

उद्यापासून त्याला गोदामात बसायचं होतं, पोती लावत. शेतात पाऊल ठेवायचं नाही. ऐकून ती तशीच वर निघाली, साहेबांच्या खोलीकडे. त्यानं तिचं मनगट धरलं.

"थांब. आधी एक ऐक. शेत नसलं तरी चालेल मला, पण सकाळी तू... तू दिसली नाहीस, तर नाही चालणार."

"हे इतके दिवस सांगता येत नव्हतं? तोंडात काय तागाचा बोळा होता?"

"भीती वाटायची."

"कशाची?"

"तुझ्या जिभेची."

"आणि आता?"

"अजून वाटते."

तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला राग आला. मनगट सोडवून तिनं त्याचा हात आपल्या हातात घट्ट घेतला.

"चल. आधी साहेबांशी भांडते, मग तुला उत्तर देते."

दोघं जिना चढले. साहेबांचं दार तिनं दुसऱ्या हातानं वाजवलं.