डावी कूस

खारूला झोपवणं हे आमच्या घरातलं सगळ्यात सोपं काम होतं. दुपारचं जेवण झालं, तोंड पुसलं, की ती स्वतःच पलंगावर चढायची, मला हाताला धरून खाली ओढायची, माझ्या छातीला डाव्या बाजूनं कान लावायची आणि डोळे मिटायची. ना गाणं, ना गोष्ट. शेवटचा घास गालात तसाच साठवून झोपायची म्हणून तिचं नाव खारू पडलं. शेजारीण विचारायची, काय जादू करतेस गं? जादू कसली, माझं हृदय बिघडलेलं होतं.

ती पोटात असतानाच ते सुरू झालं. पिशवीत कोंबलेलं कबुतर फडफडावं तसं काहीतरी छातीत व्हायचं. मग एक मोठा ठोका. मग काहीच नाही. मग तीन-चार ठोके घाईघाईनं, एकमेकांना ढकलत. ताल म्हणून नव्हताच. बाळंतपणानंतर गोळ्यांवर भागलं, पुढे गोळ्याही पुरेनात. जिना चढून आले की भिंत धरून उभी राहायची. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं, की वरच्या कप्प्यांत विजेचे भलतेच इशारे उठताहेत, त्यामुळे कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात. रक्त साकळून गुठळी डोक्यात गेली तर अंग लुळं पडायचं.

"जांघेतल्या शिरेतून बारीक नळी आत न्यायची आणि तेवढ्याच जागा डागून टाकायच्या. अब्लेशन म्हणतात. छाती उघडायची नाही. तरुण आहात, मूल लहान आहे. करून टाका."

मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. जे मोजता येतं त्यावर माझा विश्वास. करून टाकायचं ठरलं.

प्रश्न खारूचा होता. हॉस्पिटलमध्ये राहावं लागणार, घरी आल्यावरही जांघेतली जखम भरेपर्यंत तिला उचलायचं नाही. माझा नवरा कानाची यंत्रं बसवून देतो. पेनाच्या टोपणाएवढ्या जागेत आवाज कसा कोंबायचा, हे त्याला ठाऊक.

"तुझेच ठोके भरून घेऊ," तो म्हणाला. "छोटा स्पीकर उशीत शिवून टाकू. तिला काय कळतंय?"

"मी काय मशीन आहे?"

"सध्या तरी नादुरुस्त आहेस."

खिडक्या लावून, पंखा बंद करून त्यानं माझ्या छातीला माइक चिकटवला आणि मला हलायचं नाही अशी ताकीद दिली. मी हलले नाही, पण मध्येच त्याचंच पोट गुरगुरलं. पुन्हा सगळं करायचा कंटाळा, म्हणून तसंच ठेवलं. आवाज संपला की पहिल्यापासून सुरू व्हायचा, आणि दर फेरीला ते गुरगुरणं यायचंच. मदतीला आलेली माझी ताई पोट धरून हसली. "वा! आईचं हृदय आणि बापाचं पोट. पोरीला काही कमी पडायचं नाही."

ती पिवळी उशी खारूनं लगेच आपली म्हटली.

रक्त पातळ राहायच्या गोळ्या, सह्या, उपास, जांघेचे केस काढणं, घशातून नळी घालून गुठळी नाही ना ते पाहणं. शेवटी गार खोलीतल्या अरुंद टेबलावर मला निजवलं. पुढचं आठवत नाही. जाग आली तेव्हा जांघेवर दाबपट्टी होती, पाय वाकवायचा नाही म्हणून सांगत होते, आणि पडद्यावर एकसारख्या उंचीची हिरवी टोकं एकसारख्या अंतरानं सरकत होती. छातीत इतकी शांतता, की मी घाबरले.

"कुठे गेलं ते?" मी विचारलं.

"कुठे जाणार? थांबलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नवऱ्यानं फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे ताई. "अगं, सकाळभर भोकाड पसरलं होतं तुझ्या लेकीनं. दुपारी काय झालं कोण जाणे, एकदम गप्प. उशीवर कान ठेवून हसतेय काय, बोलतेय काय. तू निवांत पड."

मला आनंदानं रडू आलं. ते आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

घरी आले तेव्हा मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी झाली होती. खोल श्वास घेतला की छातीत बोचायचं. सावकाश पलंगावर आडवी झाले आणि खारूला हाक मारली. ती धावत आली, चढली, जागेवर कान ठेवला. मी तिच्या केसांचा वास घेतला. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं.

तिनं डोकं उचललं. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर माणूस बघतो तसं माझ्याकडे बघितलं. मग खाली उतरली, पिवळी उशी ओढत खिडकीखाली नेली आणि फरशीवरच झोपली.

"सवय लागली. सुटेल," नवरा म्हणाला.

सुटली नाही. ती माझ्या हातून जेवायची, बूट घालून घ्यायची, पण वागायची अशी, की जणू पाहुण्यांशी नीट वागायचं असं तिला कुणी शिकवलंय. पडली-झडली तर मला ओलांडून उशीकडे. मला आई म्हणायची तिनं सोडून दिलं होतं. हे फक्त माझ्या लक्षात आलं.

शेवटी मीच म्हटलं, तो स्पीकर काढ. नवऱ्यानं उशीची शिवण उसवली, कापसातून डबी काढली, बटण दाबलं. काही नाही.

"ताई, हे शेवटचं चार्जिंगला कधी लावलं होतंत?"

"चार्जिंगला?" ताई म्हणाली. "मला कुणी सांगितलंय? तू बटण दाबून ठेवून दिलंस, मी तशीच देत राहिले तिला."

"म्हणजे ऑपरेशनच्या दिवसापासून..." मी म्हटलं.

"बॅटरी त्या दिवशी दुपारीच संपली असणार," नवरा म्हणाला आणि हसला. "घ्या! इतके दिवस पोरगी नुसत्या कापसावर झोपतेय. म्हणजे आवाजाची गरजच नाही तिला. चांगलंच आहे की."

मी हसले नाही. ताईनंही विषय बदलला, आणि दुसऱ्या दिवशी तिला अचानक स्वतःच्या घरची फार कामं आठवली.

ती गेल्यावर, नवरा खारूला आंघोळ घालत असताना, मी त्या उसवलेल्या, डबी काढलेल्या उशीला कान लावला.

होतं. एक मोठा ठोका, मग काहीच नाही, मग तीन-चार घाईघाईचे. माझं जुनं हृदय. मी स्वतःला समजावलं की कान लावला की आपल्याच शिरेचा आवाज येतो. मनगटावर बोटं ठेवली. तिथे सरळ, सारख्या अंतराचे ठोके. उशीतले वेगळे. मी नवऱ्याच्या पोटाच्या गुरगुरण्याची वाट पाहत राहिले. ते यायला हवं होतं. बराच वेळ गेला, ते आलं नाही. आवाज पहिल्यापासून सुरू होत नव्हता. तो पुढे पुढे चालला होता.

तेवढ्यात न्हाणीघरात खारू घसरली आणि किंचाळली. उशीतलं हृदय उधळलं. दाणदाण, वेडंवाकडं, श्वास लागल्यासारखं.

माझं स्वतःचं एका चालीत चाललं होतं. ठोके आवरायच्या गोळ्या अजून चालू होत्या, त्या गोळ्यांमुळे, मी म्हटलं. गोळ्यांमुळेच.

सकाळी कचऱ्याच्या गाडीत उशी मी स्वतः टाकली. खारू दारात उभी राहून बघत होती. रडली नाही. दुपारी जेवली, गालात घास ठेवला, आतल्या खोलीत गेली, पलंगावर चढली आणि गादीला कान लावून झोपली. मधोमध नाही. मी निजायचे त्या बाजूला.

घरी आल्यापासून रात्री मी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर निजत होते, पलंगावर चढता-उतरता जखम ओढली जायची म्हणून. पलंगावरची चादर मी सकाळीच ताणून घातली होती. खारू उठल्यावर पाहिलं तर ती झोपली होती त्याच्या पलीकडे लांबलचक खळगा होता. खांद्याचा, कमरेचा, दुमडलेल्या गुडघ्याचा. डाव्या कुशीवर, लेकराकडे तोंड करून निजलेल्या बाईचा. मी हात ठेवला. ऊन त्या बाजूला येत नाही. गादी कोमट होती.

नवऱ्याला दाखवलं. त्यानं चादर झटकली. "तू सारखी नाडी बघत बसतेस, त्यानं होतंय हे. डोकं दुसरीकडे लाव जरा."

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी माझ्यासमोर धरली. "पुस्तकात छापावी अशी आहे. खूश का नाही तुम्ही?"

"ते परत येऊ शकतं का?"

"पहिल्या काही आठवड्यांत थोडंफार येतं काहींना. घाबरू नका, तुमच्यात खूणसुद्धा नाही."

"आणता येईल का?"

त्यांचं पेन थांबलं. मग त्या फार मऊ आवाजात बोलायला लागल्या. लहान मूल, अपुरी झोप, मनावरचा ताण. एका मानसोपचार करणाऱ्या बाईंचा नंबर दिला. मी तो घेतला. डॉक्टरीणबाईंना काय सांगणार? ज्या जागा तुम्ही डागल्यात, तिथेच माझी लेक राहत होती, हे?

घरी सगळं सुरळीत चाललं होतं. मी जिना न थांबता चढत होते. कामावर जायला लागले. संध्याकाळी येईपर्यंत खारूला बाई सांभाळायची. ती सांगायची, "फार गुणी आहे हो. दुपारी आत जाऊन एकटीच गप्पा मारते." कशाबद्दल, मी विचारायचे. "तुमच्याशी खेळते ना खोटंखोटं. आई हे, आई ते."

सुट्टीच्या दुपारी मी दाराशी उभी राहून कितीदा तरी ऐकलं. खारू बोलायची, थांबायची, मग एखाद्या उत्तरावर हसायची.

एका सुट्टीच्या सकाळी मला सोसेना. नवरा पेपर वाचत होता. मी म्हटलं, "मला माझी मुलगी हवी आहे. तू काहीतरी कर."

त्यानं पेपर घडी करून ठेवला. माझा चेहरा बघून थट्टा केली नाही. "खारू, ये इकडे," तो म्हणाला. "आईजवळ ये. ऐक बरं, किती छान वाजतंय आता."

ती आली. मोठ्यांनी सांगितलं म्हणून पाया पडायला यावं तशी आली. मी गाऊनचं वरचं बटण काढलं. तिनं कान ठेवला.

खूप वेळ ऐकलं तिनं.

"इथे नाहीये," ती म्हणाली.

"काय नाहीये, राणी?"

"आई."

नवरा हसला. "वेडाबाई! थांब, बाबा ऐकतो आणि सांगतो." त्यानं वाकून माझ्या छातीला कान लावला.

आयुष्यभर बारीकातले बारीक आवाज ऐकलेला कान. मला माझे ठोके जाणवत होते. सरळ, स्वच्छ.

त्यानं कान थोडा सरकवला. पुन्हा सरकवला.

दाबून धरला.

त्याच्या गालावरचं हसू हळूहळू उतरत गेलेलं मला त्वचेवर कळलं.

"अरे," मी म्हटलं.

तो उठला. माझ्या चेहऱ्याकडे त्यानं पाहिलं नाही. अनोळखी बाईचा पदर सरकलेला दिसावा आणि संकोचून आपणच सावरावा, तसं त्यानं माझं बटण लावलं. मग खारूला कडेवर घेतलं.

"खरंच गं," तो तिला हळूच म्हणाला. "चल, आईकडे जाऊ."

दोघं आतल्या खोलीत गेले. पलंग त्यांच्या वजनानं करकरला. मग, सरकून त्यांना जागा करून द्यावी तसा, आणखी एकदा.