खाकरलं की उठायचं

चतुराबाईंना पहिल्यांदा धडधडलं ते पडेगावच्या फाट्यावर, मेथीच्या जुड्यांचं गाठोडं काळीपिवळीत चढवताना. छातीत एक ठोका चुकला, मग त्याची भरपाई केल्यागत दुसरा दणकून पडला, आणि त्या दणक्यासरशी खोकला आला. कोरडा, तोकडा. जीपवाल्यानं पाणी देऊ का विचारलं, तर चतुराबाईंनी त्यालाच दटावलं की पाणी राहू दे, आधी माणसं कोंबायची कमी कर. मेथी विकून त्या दुपारी घरी आल्या, जेवल्या आणि विसरूनही गेल्या.

पण धडधड विसरली नाही. वाकलं की यायची, डाव्या कुशीवर झालं की यायची, कधी काहीच न करता नुसतं बसलं तरी यायची. आधी छातीत फडफडणं, मग दणका, मग खोकला. क्रम कधी चुकला नाही. त्यांचा लेक सांडू शेंद्र्याला कंपनीत होता. त्यानं एक सुट्टी टाकली आणि आईला मोटारसायकलवर बसवून शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड होते. छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी काढली आणि म्हणाले की मधूनच एखादा ठोका जास्तीचा पडतोय, त्याच्या धक्क्यानं खोकल्याची उबळ येते, बऱ्याच जणांना होतं. मग त्यांनी विचारलं की घरात आणखी कुणाला हृदयाचा त्रास होता का. चतुराबाईंनी सांगितलं, सासूबाई तशाच गेल्या आणि थोरल्या जाऊबाईही तशाच गेल्या. डॉक्टर हसले.

"आजी, सासरचं धरत नाहीत यात. रक्ताच्या नात्यातलं सांगा."

रक्ताच्या नात्यात कुणीच नव्हतं. डॉक्टरांनी अर्धी गोळी लिहून दिली आणि चहा कमी करायला सांगितला. गोळी चतुराबाईंनी घेतली. चहाचं त्यांनी ऐकून सोडून दिलं.

त्यांचं घर दौलताबादच्या रस्त्याला लागून, शेतात. पूर्वी माळवद होतं, आता स्लॅब आहे, पण पुढची ओसरी जुनीच राहिलीय. तीन दगडी पायऱ्या, शहाबादी फरशी आणि भिंतीला लागून नवारीची एक मोठी बाज. तिथं बसलं की वेरूळला जाणाऱ्या बसगाड्या दिसतात, पलीकडचा ढाबा दिसतो, हवा स्वच्छ असली तर देवगिरीचा डोंगरही दिसतो. चतुराबाई दिवसभर त्या बाजेवर बसत, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत, भाव विचारत. साऱ्या पडेगावानं बघावं अशा बसत, आणि ते त्या मुद्दाम करत.

कारण त्या बाजेवर बसायला त्यांना अर्धी जिंदगी थांबावं लागलं होतं. बाज सासऱ्यांची, आप्पासाहेबांची होती. पोलीस ॲक्शन झाली आणि रझाकारांच्या धास्तीनं मामाकडं, मावशीकडं लपवून ठेवलेल्या पोरी आपापल्या घरी परतल्या, तशी सगळ्यांच्या आईबापांना लग्नाची घाई सुटली. त्या घाईत गंगापूरकडची चतुरा या घरात सून म्हणून आली. आल्या दिवशीच सासूनं, मनकर्णाबाईंनी, घराचा कायदा सांगितला. आप्पासाहेब खालच्या पायरीवर आले की खाकरतात. खाकरलं की उठायचं, पदर कपाळावर ओढायचा आणि ओसरी मोकळी करून आत जायचं. मग अंगावर पोर पीत असो की हात पिठात असोत.

सगळ्याच घरांत ही रीत होती, त्यात नवल काही नाही. पण आप्पासाहेबांचं खाकरणं दोन तुकड्यांचं होतं. पहिला तुकडा घशात घोळवलेला, आणि जरा थांबून दुसरा, दाराला कडी घातल्यासारखा. त्या दोहोंच्या मधल्या वेळात घरातल्या साऱ्या बायका उभ्या झालेल्या असायच्या. त्यांनी कधी कुणावर हात उचलला नाही. तशी गरजच पडली नाही. कोवळ्या चतुराचं काळीज मात्र दर वेळी छातीतून उडायचं, आणि या गोष्टीचा राग त्यांना साठीनंतरही आला की ताजाच असायचा.

मोठ्या दुष्काळात आप्पासाहेब वारले. चतुराबाईंचे मालक नानासाहेब गरीब स्वभावाचे, मांजरीसारखे आवाज न करता घरात यायचे. तेही गेले. मग एके दिवशी चतुराबाईंनी बाज धुतली, वाळवली आणि तिच्यावर मांडी घालून बसल्या. त्याला वर्षं लोटली होती.

आता धडधड आली की खोकला येतो एवढंच असतं तर त्यांनी फिकीर केली नसती. पण उन्हाळा लागला तसा तो खोकला बदलत चालला. जड झाला, खालून येऊ लागला. एका सकाळी त्या स्वयंपाकघरात चहा घेत होत्या. सून सुनंदा मॅक्सीवर, खांद्याला ओला टॉवेल टाकून खाली बसून लसूण सोलत होती. चतुराबाईंच्या छातीत फडफडलं, दणका बसला आणि त्या खोकल्या. सुनंदा ताडकन उभी राहिली. खांद्यावरचा ओला टॉवेल तिनं डोक्यावर घेतला आणि भिंतीला लागून खाली मान घालून थांबली.

"काहून उठलीस गं?"

"कुणी मोठं माणूस आलं वाटलं, आत्याबाई," सुनंदा म्हणाली. मग टॉवेलला हात लावून स्वतःच चक्रावली. तिनं लग्नानंतर एकदाही डोक्यावर पदर घेतला नव्हता, आणि आप्पासाहेब तर तिच्या जन्माआधीच गेलेले.

चतुराबाईंनी ते हसण्यावारी नेलं. चार दिवसांनी सारजाबाई आली. ती मेंढरं राखणाऱ्यांतली, आता वयामुळं कळपामागं जाणं सुटलेलं, पण ऐन उमेदीत याच शेतात खुरपायला होती. बांधावरून ती येत असतानाच चतुराबाईंना खोकल्याची उबळ आली. सारजाबाईनं चालता चालता पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. त्या तापल्या मातीवरून ती तशीच अनवाणी ओसरीपर्यंत आली आणि पायरीशी थांबली.

"ह्यो खोकला तुमचा नाय, चतुराबाई."

"मग कुणाचा?"

सारजाबाईनं बाजेकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. तिनं हातातल्या चपला झटकल्या. मग इतकंच म्हणाली, "थोरल्या बाईंना बी असाच लागला व्हता. मग वच्छलाबाईला. दोघी बी उठल्या व्हत्या."

हे चतुराबाईंना माहीत होतं. दोन्ही वेळा त्या तिथंच होत्या. मनकर्णाबाई नवरा जाऊन कितीक वर्षांनी, भर दिवसा ओसरीवर तूर पाखडत होत्या. एकाएकी सूप खाली ठेवलं, पदर कपाळावर ओढला, उभ्या राहिल्या आणि तशाच कोसळल्या. थोरल्या जाऊबाई वच्छलाबाईंना सहा महिने खोकला होता, चतुराबाईंनी स्वतः अडुळशाचा काढा करून पाजला. त्याही याच ओसरीवर बसल्या बसल्या उठल्या, आणि उठल्या त्या गेल्याच. लोक म्हणाले झटका आला. पदराचं कुणी बोललं नाही, कारण बायकांच्या डोक्यावर पदर असणं यात बोलण्यासारखं काय होतं?

सारजाबाई गेली. चतुराबाई घाबरल्या. त्यांना मरायचं नव्हतं. खूप वर्षांनी स्वतःचं असं जगायला मिळालं होतं आणि त्यांना ते आणखी हवं होतं. पण भीती फार टिकली नाही, तिच्या मागून संताप आला. जिवंत होता तोवर उठवलं, आता मेल्यावरही उठवतो म्हणजे काय? उठायचं नाही, एवढं त्यांनी त्या दुपारी ठरवून टाकलं.

सांडूला सगळं सांगण्यात अर्थ नव्हता. तो म्हणत होता की माय, शेंद्र्याकडं खोली घेतो, तिथून दवाखाना जवळ पडेल, इथं एकटी ओसरीवर बसून काय करतेस.

"बसते," चतुराबाई म्हणाल्या. "माझी जागा हाय ती."

अक्षय्य तृतीया झाली आणि वाळवणं निघाली. त्या दिवशी त्यांनी मुगाच्या सांडग्यांचा घाट घातला होता. अर्ध्या बाजेवर धुतलेलं धोतर अंथरलेलं, उरलेल्या अर्ध्या बाजेवर त्या पाय खाली सोडून बसलेल्या, मांडीवर परात. वाटलेल्या डाळीनं दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे झालेले. रस्त्यावर ऊन नुसतं रणरणत होतं. ढाब्यावरचं गाणं बंद होतं. सुनंदा आत भांडी घासत होती.

छातीत फडफडलं. दणका बसला. चतुराबाईंनी तोंड मिटून खोकल्याची वाट पाहिली.

खोकला आला नाही.

घसा मोकळा होता. श्वास सरळ चालला होता. आतली भांडी वाजायची थांबली.

मग खालच्या पायरीवरून कुणीतरी खाकरलं. पहिला तुकडा, घशात घोळवलेला.

पायरीवर ऊन होतं. दुसरं काहीही नव्हतं.

आत सुनंदा उभी राहिल्याचं बांगड्यांवरून कळलं. चतुराबाईंचे गुडघे आपणहून सरळ होऊ लागले. परात मांडीवरून घसरली आणि फरशीवर दणकन आपटली. डोक्यावर काहीतरी सरकत होतं. तो त्यांचाच पदर होता. दोन्ही हात डाळीत भरलेले होते, आणि पदर कपाळापर्यंत आला होता, कोरडा, स्वच्छ, नीट बसवलेला.

त्यांनी पाय मागं ओढले आणि बाजेच्या खालच्या आडव्या दांडीत अडकवले. पिवळ्या हातानं पदर धरला आणि मागं भिरकावला. कपाळाला, केसांना, लुगड्याला डाळ फासली गेली. छातीत आता काहीच वाजत नव्हतं. एकही ठोका नव्हता.

"बसलेय मी, मामंजी," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा बराच मोठा निघाला. "सासूबाई उठल्या, जाऊबाई उठल्या. मी उठायची नाय. ही बाज माझी हाय. तुमाला बसायचं असंल तर खाली बसा."

दुसरा तुकडा आला नाही.

चतुराबाई दांडीत पाय अडकवून बसून राहिल्या. डोळ्यांपुढं रस्ता पांढरा होत गेला, बसगाड्या पांढऱ्या झाल्या.

मग छातीत एक ठोका पडला. साधा. त्याच्या मागून दुसरा.

आणि पायांशी, फरशीवर, म्हातारं माणूस खाली बसताना गुडघे वाजतात तसा आवाज झाला. एक दमलेला उसासा आला. त्यानंतर काही नाही.

सुनंदा बाहेर आली तेव्हा सासूबाई नव्यानं परात भरून सांडगे घालत होत्या. पावसाळ्यात सांडूनं त्यांना परत डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी पट्टी काढली, ती खालीवर करून पाहिली आणि गोळी बंद केली. खोकलाही त्या दिवसापासून गेला तो गेलाच.

चतुराबाई अजून त्या बाजेवर बसतात. येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतात, भाव विचारतात. आलेली बाई ओसरीवर टेकली की बाजेच्या पायथ्याची जागा सोडून टेकते, तिला कुणी सांगावं लागत नाही. गप्पांच्या भरात चतुराबाईंचा हललेला पाय कधी खाली कशाला तरी लागतो. तेव्हा त्या तिकडं न बघता म्हणतात, "सरका जरा."

आणि पायाला जागा होते.