चेंबरवरचा बाटलीवाला

तो मेलाय असंच मला वाटलं!

तुम्हीच सांगा, सकाळी सकाळी आपण कारखान्याच्या गल्लीत वळावं आणि समोर रस्त्यावर एक माणूस पालथा पडलेला दिसावा, पाय इकडे आणि डोकं गटाराच्या उघड्या चेंबरमध्ये, तर दुसरं काय वाटेल? पाऊस भुरभुरत होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. माझी छत्री कुठे उडाली ते मला अजून ठाऊक नाही. मी धावले, त्याचे दोन्ही पाय धरले आणि जीव खाऊन मागे ओढले.

"अहो! अहो, काय करताय? सोडा!"

बाई गं, प्रेत बोललं! मी किंचाळून पाय सोडले, आणि त्याच वेळी आत खोल कुठेतरी 'डुबुक' असा आवाज झाला.

तो उठून बसला. शर्टाला चिखल, कपाळाला चिखल, आणि त्या चिखलाखाली... इतके शांत डोळे मी कधी पाहिले नव्हते. हातात नुसताच दोर लोंबत होता.

"गेली बाटली," तो म्हणाला.

"मला वाटलं तुम्हीच गेलात!"

"मी पाण्याचा नमुना घेत होतो." त्याने पिशवीतून दुसरी बाटली काढून दोराला बांधली आणि पुन्हा पालथा झाला. "आता आलाच आहात तर जरा पाय धरता का? रस्ता निसरडा झालाय. पण ओढू नका हं!"

आणि मी चक्क धरले. भर रस्त्यात, एका परक्या पुरुषाचे पाय! आत्याने पाहिलं असतं तर तिला तिथेच भोवळ आली असती.

बाटली वर आली ती गर्द निळी होऊन. त्याने ती उजेडात धरली. "कोणाचा असेल हा रंग?"

"माझा!" मी पटकन उत्तर दिलं. "कालच जमवलाय. कितीही धुवा, उतरत नाही. सुंदर आहे ना?"

"आहे," तो म्हणाला. बघत मात्र होता माझ्याकडे. मग भानावर येऊन त्याने घसा खाकरला. "पण तो इथे असायला नको होता. मी नगरपालिकेच्या सांडपाणी खात्याचा तपासनीस."

झालं! आपल्याच तोंडाने मी घोटाळा करून बसले होते.

आमचा सूत रंगवण्याचा कारखाना. बाबांनी तो एकट्याच्या हिमतीवर उभा केला, आणि रंग जमवायचं काम माझं. रंगवून उरलेलं कढत पाणी आम्ही आजवर सरळ गटारात सोडत आलो होतो. कोणी कधी हटकलंही नव्हतं. तपासनीस बाबांच्या टेबलापाशी बसला आणि अगदी हळू आवाजात नियम सांगू लागला. शहराच्या गटारात गरम पाणी सोडायचं नाही, सोड्याचं कडक पाणी नाही, रंगाचं तर नाहीच. आधी ते टाकीत थंड करा, गाळ खाली बसू द्या, कडकपणा मोडा, मग सोडा. नाहीतर पालिका आमचा गटाराला जोडलेला पाइप बुजवणार. पाइप बंद म्हणजे कारखाना बंद.

मला राहवलं नाही. "गटारात तर घाणच जाते ना? त्यात आमचं थोडं निळं पाणी गेलं तर कोणाच्या पोटात दुखतं?"

"जिवाणूंच्या," तो गंभीरपणे म्हणाला. "गावाबाहेरच्या शुद्धीकरण केंद्रात ते सगळ्या शहराची घाण खाऊन टाकतात. तुमचं पाणी तिथवर पोचलं की बिचारे पटापट मरतात. मग ती घाण तशीच नदीत जाते."

"बिचारे?" मला हसू फुटलं. "तुम्ही त्यांची विचारपूस करायला जाता की काय?"

"जातो ना. सुट्टीच्या दिवशीसुद्धा." आणि त्याचे कान लाल झाले.

त्या दिवसापासून आत्याने त्याचं नाव 'बाटलीवाला' ठेवलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्या घराची आणि कारखान्याची गृहमंत्री. तिच्यापुढे बाबासुद्धा चकार शब्द काढत नाहीत.

बाटलीवाला दर सोमवारी येऊ लागला. "दर सोमवारी तपासणी असते," असं त्यानेच सांगितलं होतं. आम्ही मागच्या अंगणात जुन्या टाक्या जोडल्या, तुरटी घालून रंग खाली बसवायला शिकलो. कागदाची पट्टी पाण्यात कशी बुडवायची तेही त्यानेच मला दाखवलं. पट्टी निळी झाली तर पाणी कडक, पोपटी झाली तर ठीक. एकेक पट्टी तो रंगांच्या तक्त्याशी कितीतरी वेळ ताडून बघायचा, आणि मी लांबूनच सांगायची, "पोपटी नाही हो, शेवाळी आहे. अजून कडक आहे."

एकदा तो तक्ता खाली ठेवून म्हणाला, "तुमचे डोळे..."

"काय झालं माझ्या डोळ्यांना?"

"अचूक आहेत."

"एवढंच?"

त्याच्या हातून पट्ट्यांची डबी निसटली. सगळ्या पट्ट्या ओल्या फरशीवर पडल्या आणि आमची दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. मला लागलं, पण खरं सांगू? मजा वाटली. रविवारची रात्र मला मोठी वाटू लागली होती, इतकंच सांगते.

मग ज्यावर पाइपचं ठरणार होतं, त्या खऱ्या नमुन्याचा दिवस आला. टाकीतलं पाणी नितळ होतं, पट्टी पोपटी येत होती. बाबांनी नवा शर्ट घातला. बाटलीवाल्याने आमच्या फाटकाबाहेरच्या चेंबरचं झाकण उघडलं, बाबांनी टाकीचा नळ सोडला, आणि...

आणि चेंबरमधून फेस वर आला! पांढराशुभ्र, भसाभस! चेंबरच्या कडेवरून रस्त्यावर सांडला. त्यावर बुडबुडे तरंगत होते.

"चांगला घासून काढलाय हो मी सकाळी!" मागून आत्याचा आवाज आला. "डबाभर कपड्यांची पावडर ओतली. मुलगा एवढी मान घालून आत बघतो, आणि चेंबर ते असं! काय म्हणेल, ह्यांच्या पोरीला साधं स्वच्छतेचं वळण नाही?"

बाटलीवाल्याने बाटली भरून वर काढली आणि तिच्यात पट्टी बुडवली. ती निळीभोर झाली.

मी त्याच्याजवळ जाऊन कुजबुजले, "फेकून द्या ना ती बाटली. चेंबर धुऊ आणि पुन्हा भरू. काय झालंय ते तुम्हाला दिसतंय ना?"

"दिसतंय. पण भरलेली बाटली फेकता येत नाही." त्याने मान वर केली नाही. "आज तुमची फेकली, तर उद्या शेजारच्याची कोणत्या तोंडाने ठेवू?"

"म्हणजे मी आणि शेजारचा तुम्हाला सारखेच?"

त्याने बाटलीला सील लावलं. मग बाबांकडे वळून म्हणाला, "हा साबण आहे, असं मी वर कळवतो. नियमाने तुम्हाला आणखी एक नमुना मिळेल. पण तो शेवटचा. तोही बिघडला तर पाइप बंद होईल."

"निघा तुम्ही!" मी म्हटलं. माझा आवाज इतका चिरका निघाला की माझं मलाच नवल वाटलं. तो गेला, आणि मी टाकीमागे जाऊन मनसोक्त रडले.

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. आत्याने जेवण टाकलं होतं. "मीच भावाच्या पोटावर पाय आणला," एवढंच ती म्हणत राहायची. चेंबर साध्या पाण्याने धुऊन काढलं होतं, तरी मी दिवसातून चारदा पट्टी बुडवत होते. रागही येत होता, आणि सोमवारची वाटही बघत होते.

सोमवारी फाटकात गमबूट वाजले. मी धावत गेले... तर समोर चष्मा लावलेल्या, ठेंगण्या, करड्या केसांच्या एक बाई!

"मी सांडपाणी खात्याची प्रमुख," त्या म्हणाल्या. "तो नाही येणार. झाकण उघडा."

तो नाही येणार! बाईंनी लांब काठीला बाटली बांधून आत सोडली. आत्या भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. बाबांचे हात जोडलेले होते. बाटली वर आली. फेस नाही, रंग नाही. बाईंनी पट्टी बुडवली आणि तक्ता काढायला पिशवीत हात घातला, पण मला कुठला धीर!

"पोपटी!" मी ओरडले. "पोपटीच आहे!"

बाईंनी तरीही सावकाश ताडून पाहिलं. "हो. पोपटीच आहे. प्रयोगशाळेचा अहवाल येईलच, पण ह्या पाण्याची मला काळजी नाही. चालू ठेवा पाइप."

बाबा जवळच्या पिंपावर बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. आत्याने त्यांना जवळ घेतलं आणि स्वतःही रडू लागली. मलाही रडायचं होतं, पण आधी विचारायचं होतं.

"ते... दर सोमवारी येणारे... आजारी आहेत का?"

"दर सोमवारी?" बाईंनी चष्मा काढला. "अगं, आमची तपासणी तीन महिन्यांतून एकदा असते!"

काय? मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्याचं रडं खाडकन थांबलं.

"आत्ता कळलं," बाई म्हणाल्या. "त्या फेसाच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, ही गल्ली माझ्याकडून काढून घ्या. आमच्यात नियम आहे, जिथे आपलं माणूस असेल तिथला नमुना आपण घ्यायचा नाही. मी म्हटलं, तुझं कोण आहे रे तिथे? तर खाली मान घालून म्हणतो, अजून तिला विचारलं नाही."

मी होते तिथेच उभी.

"अगं, उभी काय राहिलीस खांबासारखी!" आत्या कडाडली. "बाई, कुठे आहे तो मेला?"

"बिस्किटांच्या कारखान्यामागे."

मी पळत सुटले. पाऊस पुन्हा भुरभुरू लागला होता, आणि छत्री आजही जवळ नव्हती. बिस्किटांच्या कारखान्यामागच्या रस्त्यावर गोड वास भरून राहिला होता. आणि तिथे, रस्त्याच्या मधोमध, तो पालथा पडला होता! पाय इकडे, डोकं चेंबरमध्ये. मी धावतच गेले. त्याचे दोन्ही पाय धरले आणि ओढले.

डुबुक.

"ओढू नका म्हटलं होतं ना," आतून आवाज आला.

तो उठून बसला. कपाळाला चिखल होताच. मी धापा टाकत समोर बसले. "पाणी पास झालं."

त्याने डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

"दर सोमवारी तपासणी असते, नाही का?" मी विचारलं.

त्याचे कान लालभडक झाले. "बाईंनी सांगितलं वाटतं."

"आणखीही सांगितलं. तुमचं कोणाला तरी काही विचारायचं राहिलंय म्हणे."

तो रिकाम्या दोराची गाठ सोडू लागला, मग पुन्हा बांधू लागला. "तुमच्या कारखान्याचं पाणी... मला आता तपासता येत नाही."

"किती दिवस?"

"ते तुमच्यावर आहे. तुम्ही नाही म्हणालात, तर पुढच्या खेपेला बाटली घेऊन हजर होतो. आणि हो म्हणालात, तर... तर जन्मात कधी नाही."

मी त्याच्या हातातला दोर काढून घेतला.

"मग नका तपासू," मी म्हटलं.