ओव्हर म्हणायचं राहिलं

ईस्ट कोस्टला समुद्राच्या कडेला चटया पसरून जेवणं उरकली होती. जवळच्या हॉकर सेंटरवरून, खाण्याच्या स्टॉल्सवरून आणलेले डबे रिकामे झाले होते आणि लांब उभ्या जहाजांचे दिवे लागले होते. शामकांतकाका, जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस, आता आडवे व्हायच्या बेतात होते. तेवढ्यात तन्मयनं धाकट्या बहिणीवर बोट रोखलं.

"स्टॅच्यू!"

तन्वी पाण्याची बाटली तोंडाशी धरून थिजली. तन्मय हसत मोबाइल बघायला लागला.

"ओव्हर म्हण," काका म्हणाले.

"थांबा ना काका, दोन मिनिटं."

"अरे गाढवा, आधी ओव्हर म्हण! आत्ता!"

तन्मयनं घाबरून "ओव्हर" म्हटलं. तन्वीनं बाटली खाली ठेवली. "काका, चिल लाह. गेम आहे."

"गेम आहे म्हणे! इथल्याच बिशान भागातल्या प्रबोधला जाऊन विचार. बसा गुमान. मध्ये कुणी बोललं तर मी उठून घरी जाईन."

काकांनी उशाशी घेतलेली पिशवी बाजूला सारली आणि सांगायला सुरुवात केली.

तर हा प्रबोध. पुण्याचा, माझ्या मित्राचा मुलगा, आयटीत मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण कायम वैतागलेला. घरात आला तरी कान ऑफिसात. त्याची लेक गार्गी, सात वर्षांची. तिनं शाळेतल्या पुस्तकात पिनॅकल्सचे फोटो बघितले. पर्थपासून गाडीनं दोन-एक तासांवर वाळवंटातलं नॅशनल पार्क आहे ते. पिवळीधमक वाळू, आणि तिच्यातून वर आलेले चुनखडीचे हजारो सुळके. वाऱ्यापावसानं झिजलेले, कुणी गुडघ्याएवढा, कुणी पुरुषभर उंच. पोरीनं धोशाच लावला, बाबा, जाऊ या. यानं दोनदा तिकिटं काढली आणि दोनदा ऑफिसपायी रद्द केली. तिसऱ्या खेपेला बायको म्हणाली, "या वेळी रद्द केलंस तर तिला तूच सांग. मला नाही तिचं तोंड बघवत."

मग गेले. जूनच्या शाळेच्या सुट्टीत. आणि तिथं पोचल्यावर ऋता, म्हणजे बायको, तापानं हॉटेलात आडवी. बापलेक दोघंच निघाले. भाड्याच्या गाडीसाठी ही लांब रांग. काउंटरवरच्या बाईनं वर बजावलं की अंधार पडायच्या आत परता, रस्त्यावर कांगारू येतात. वाटेत फोनवर फोन. दर वेळी गाडी कडेला घ्यायची, बोलायचं, रेंज जायची, पुन्हा लावायचा. प्रबोधच्या डोक्याचा नुसता भुगा झाला. पार्कात शिरले तेव्हा उन्हं पार उतरली होती. बाकीचे लोक गाड्या काढून परतत होते. तिकडे जूनमध्ये हिवाळा, थंडी होती. अमावास्येचा दिवस होता, तेव्हा चंद्रबिंद्र काही उगवणार नव्हता.

गार्गी मात्र हरखून गेली. "बाबा, दे आर लाइक पीपल लाह! ही बघ आजी. हा बघ, दप्तर घेतलेला बॉय!"

आणि फोन वाजला. साहेबांचा. तिकडे काहीतरी कोसळलं होतं. इकडे ही बाही ओढतेय, बाबा बघ ना, बाबा बघ ना. साहेबांचा शब्द कळेना. प्रबोधच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं बोट रोखलं.

"स्टॅच्यू!"

हा खेळ त्यानंच तिला शिकवलेला. दोघांचा कायमचा लागलेला होता, आणि पोर कधी हरायची नाही. एकदा लिफ्टच्या दारात उभी राहिली तर शेजारीण ओरडली तरी हलली नव्हती. आताही तशीच थिजली, एक हात त्या दप्तरवाल्या लहान सुळक्याकडे करून. "दोन मिनिटं हं," म्हणत प्रबोध रेंज मिळवायला उंचवट्यावर चढला.

मला सांगताना तो इथंच अडखळला. दोन मिनिटं कसली! साहेब ओरडत होते, हा ओरडत होता, मध्येच फोन तुटला, पुन्हा लागला. शेवटी बॅटरी संपली तेव्हा यानं मान वर केली.

सूर्य गेलेला.

खाली सगळे सुळके एकसारखे काळे.

तो धावत उतरला. इथंच होती. नाही, त्या पलीकडच्या दगडापाशी. आजीसारखा दगड कुठला? दप्तरवाला कुठला? प्रत्येकच दगड माणसासारखा दिसायला लागला होता. गर्दीत हरवू नये म्हणून तिला पिवळं जाकीट घेतलेलं, आणि वाळूही पिवळीच. त्याला स्वतःचाच संताप आला.

"गार्गी!"

काही नाही.

"गार्गी, पुरे झालं! मी चिडेन हं आता!"

काही नाही. वारासुद्धा पडला होता.

हजारो दगड, मिट्ट काळोख, फोन बंद, आणि सात वर्षांची पोर. हाताला लागेल तो दगड चाचपडत तो पुढे सरकत राहिला. एक कमरेएवढा लागला. त्याला वाटलं, सापडली. त्यानं खांद्यावर हात ठेवला...

दगडच होता. पण गार नव्हता. कोमट होता.

त्यानं हात झटकन मागे घेतला. आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पोर ओ देणार कशी? तिला सोडलंय कुणी? ती हरायची नाही.

छातीत होता नव्हता तेवढा दम एकवटून तो ओरडला.

"ओव्हर!"

"बाबा!" अगदी पाठीमागे. दोन हातांवर. गार्गी रडतच येऊन बिलगली. "यू टुक सो लाँग..."

त्यानं तिला उचललं.

आणि...

वाळू सरकली. आधी डावीकडे. मग उजवीकडे. मग सगळीकडे. कुणीतरी सुस्कारा सोडला. मग दुसऱ्यानं. घंटा झाल्यावर शाळा सुटते ना, तशी पावलं वाजायला लागली. लहान. अनवाणी. कितीतरी.

प्रबोध पळाला. मागे बघितलं नाही. गाडीचं दार, किल्ली, हेडलाइट. उजेडात फक्त दगड. उभेच्या उभे. पण पावलं... पावलं वाजतच होती.

हमरस्ता लागला. मग गार्गी म्हणाली, "बाबा, तो बॉय माझ्याशी बोलत होता."

"कोण?"

"दप्तरवाला. म्हणाला, माझे बाबा पण टू मिनिट्स म्हणून गेलेत."

"तू... काय म्हणालीस?"

"काही नाही. मी स्टॅच्यू होते ना."

काका थांबले. तन्वी सरकून भावाला चिकटली होती. तन्मयनं फोन कधीच उलटा ठेवला होता.

प्रबोध आणि मंडळी बिशानला परतली, काका पुढे सांगू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतानं दार उघडलं तर कॉरिडॉरमध्ये, चपलांच्या रॅकशेजारी, पिवळी वाळू. बुटांतून पडली असेल म्हणून तिनं झाडून टाकली. पुढच्या सकाळी पुन्हा. नीट बघितलं तर दोन अनवाणी पावलं. बोटं दाराकडे. प्रबोधनं गार्गीचं पाऊल लावून बघितलं. तिचं मोठं भरलं.

माझ्यासमोर बसून रडला तो. म्हणाला, "काका, ये म्हणायची छाती होत नाही. आणि जा कसं म्हणू? मीच सोडवलं त्याला. लेकरू आहे हो ते." रोज सकाळी तो उठायचा, वाळू झाडायचा, नि चिडचिड करत ऑफिसला जायचा.

परवा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. दाराबाहेर फरशी लख्ख. मला बरं वाटलं. म्हटलं, सुटला बिचारा. आत गेलो तर तिघंही फरशीकडे बघत उभे. ऋता पांढरीफटक पडली होती.

प्रबोधनं लेकीला विचारलं, "गार्गी... तू काही म्हणालीस का त्याला?"

"त्याचे पाय दुखत होते, बाबा," ती म्हणाली. "मी म्हटलं, ये."

दाराच्या आत वाळूची पावलं उमटली होती. मला वाटलं, पोरीच्या खोलीकडे गेली असतील. नव्हती गेली. जेवणाच्या टेबलापाशी, प्रबोधच्या खुर्चीला अगदी लागून, जाऊन थांबली होती.